दुखणाईत मन आणि रोजचें काम

टायफॉइडचा रोगी अंथरुणावरून उठला, म्हणजे त्याला कामावर केव्हां जाऊं द्यावें हें ठरविण्यास घरच्या मंडळींना फारसा विचार करावा लागत नाहीं. प्रथम अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, हा क्रम कोणी न शिकवितां ठरून जातो. परंतु दुखणें शरीराचें नसून मनाचें असलें, म्हणजे हीच मंडळी गोंधळून जातात. कांहीं घरांत म्हणतात, "याला आतां कांहींएक सांगूं नका, पूर्ण बरा झाला म्हणजे पाहूं." आणि हें पूर्ण बरें होणें वर्षानुवर्षें पुढें ढकललें जातें. दुसऱ्या कांहीं घरांत याच्या अगदीं उलट बोलणें ऐकूं येतें, "रिकामा बसतो म्हणून डोक्यांत खूळ शिरतें, कामाला जुंपा, आपोआप ताळ्यावर येईल." पहिल्या घरांत दयेपोटीं माणसाचें काम सुटतें; दुसऱ्या घरांत कठोरपणापायीं त्याचा औषधोपचार राहून जातो.

या दोहोंमधील वाट कोणती, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. बरें झाल्यावर बक्षीस म्हणून काम मिळावें, हा समज सोडून दिला पाहिजे; बरें होण्याच्या ज्या साधनांचा आपण उपयोग करतों, त्यांपैकींच काम हें एक साधन आहे. मात्र औषधाप्रमाणें त्यालाही माप लागतें, आणि माप चुकलें तर तेंच काम अपाय करतें.

प्रथम हा प्रश्न किती माणसांचा आहे तें पाहूं. बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी तिच्यावरून अंदाज बांधण्यास हरकत नाहीं. प्रौढ माणसांपैकीं शेंकडा १० हून किंचित् अधिक लोकांना त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत रोगी उपचारावांचून होते. याचा अर्थ उघड आहे. मनाच्या आजारानें पीडलेलीं बहुतेक माणसें रुग्णालयांत नाहींत; तीं आपल्या शेजारच्या खुर्चीवर, दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेच्या वर्गांत आणि आपल्याच स्वयंपाकघरांत आहेत. कोणाला डिप्रेशन, म्हणजे दीर्घकाळ टिकणारें औदासीन्य असतें. कोणाला उन्माद आणि औदासीन्य आळीपाळीनें येतात. कोणाला स्किझोफ्रेनिया असतो, ज्यांत भास होतात व संशय मनांत घर करतात. यांतील पुष्कळ जण आजही काम करीत आहेत. तेव्हां त्यांनीं काम करावें कीं नाहीं, या वादापेक्षां तें कोणत्या परिस्थितींत करावें, हाच खरा प्रश्न आहे.

कामानें माणसाला पगार मिळतो हें सर्वांस माहीत आहे. पण पगाराखेरीज तें आणखी काय देतें, हें काम सुटल्यावांचून लक्षांत येत नाहीं. ऑस्ट्रियांत मारिएनथाल नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील कापडाची गिरणी बंद पडून जवळ जवळ सारें गांव बेकार झालें, तेव्हां १९३१-३२ च्या सुमारास मारी याहोडा व त्यांचे सहकारी यांनीं तेथें राहून लोकांच्या दिनक्रमाचें बारकाईनें निरीक्षण केलें. हातीं वेळ भरपूर असूनही गांवच्या ग्रंथालयांतून नेलीं जाणारीं पुस्तकें कमी झालीं होतीं. पुरुषांची रस्त्यांतील चाल मंदावली होती. सकाळपासून काय केलें असें विचारल्यास त्यांना धड सांगतां येत नव्हतें. पुढें याहोडाबाईंनीं यावरून असा सिद्धान्त मांडला कीं, नोकरी माणसाला नकळत पांच गोष्टी देते : दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपल्याहून मोठ्या कार्यांत वांटा, समाजांत एक ओळख आणि हातापायांना नियमित हालचाल. धडधाकट माणसें बेकारीनें अशीं खचत असतील, तर ज्याचें मन आधींच दुखणाईत आहे त्याच्यापासून या पांचही गोष्टी काढून घेतल्यास काय होईल, याची कल्पना करावी. औदासीन्याच्या रोग्याला सकाळीं उठणें हीच सर्वांत अवघड गोष्ट असते, आणि नेमकें त्याच वेळीं आपण त्याचें उठण्याचें कारणच नाहींसें करतों.

हें ज्ञान अगदीं नवें आहे असें नाहीं. इंग्लंडांत यॉर्क येथें १७९६ सालीं विल्यम ट्यूक यानें वेड्यांसाठीं जें आश्रमवजा रुग्णालय उघडलें, तेथें साखळदंडांऐवजीं बागकाम, शिवणकाम व सौजन्याची वागणूक यांवर भर होता. आपल्याकडे या शास्त्राचा पाया घालण्याचें श्रेय कमलाबाई निंबकर यांजकडे जातें. जन्मानें अमेरिकन असलेल्या या बाई महाराष्ट्रीय गृहस्थाशीं विवाह करून येथें आल्या, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. व्यवसायोपचार म्हणजे रोग्यास योग्य असें काम योजून त्यायोगें त्यास पुन्हां जीवनक्रमावर आणणें. मात्र या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. रोग्यांकडून बागेंत व मुदपाकखान्यांत राबवून घ्यावयाचें, आणि तें उपचाराच्या नांवाखालीं फुकट, असा प्रकार अनेक देशांच्या वेड्यांच्या इस्पितळांत चालत आला. म्हणूनच आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णालयांत रोग्यावर कामाची सक्ती करतां येणार नाहीं, आणि त्यानें काम केलेंच तर योग्य मोबदला दिला पाहिजे, असें स्पष्ट ठरविलें आहे. मोबदल्यावांचून काम करून घेतलें, तर याहोडाबाईंनीं सांगितलेली समाजांतील ओळख मिळत नाहीं. उलट आपण कोणाच्या तरी उपकारावर जगत आहों, हीच भावना दृढ होते.

आतां मापाचा प्रश्न. तो नीट समजण्यासाठीं आपण क्षणभर शहर सोडून मराठवाड्यांतील एका खेड्याकडे जाऊं. साखरा हें हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील एक गांव. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. संत नामदेवांचें नरसी याच जिल्ह्यांत आहे. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद हीं या भागांतील पिकें. अशा गांवीं शेतीचें काम जात्याच तुकड्यातुकड्यांचें असतें. एखाद्याच्या हातून आज दिवसभराचें काम होणार नसलें, तर तो गुरें वळवील, आखाड्यावर राखण करील, सावलींत बसून हळकुंडें आणि गड्डे वेगळे करील. निंदणीच्या वेळीं प्रत्येकाची एक पात असते. ज्याची पात मागें राहिली त्याला शेजारचा थोडी ओढून देतो. काम गुत्त्यानें घेतलें असेल, तर कोणी सावकाश केलें तरी घड्याळाचा जाच नसतो. माणूस अर्धा बरा असला, तरी अर्ध्या कामाला जागा सांपडते, आणि तेवढ्यापुरता तो घरांतील कमावता राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९६० नंतरच्या दशकांत स्किझोफ्रेनियाची जी पाहणी नऊ देशांत चालू केली, तींत भारताकडून आग्रा हें केंद्र होतें. भारतासारख्या देशांतील रोग्यांची स्थिति कांहीं वर्षांनंतर श्रीमंत देशांतील रोग्यांपेक्षां एकंदरींत बरी आढळली. याचें एक कारण, शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांत कोणालाही बेतानें काम मिळतें, असें सुचविण्यांत आलें. पुढील संशोधकांनीं या निष्कर्षावर आक्षेप घेतले आहेत, आणि तो सरसकट खरा मानूं नये. तथापि कामाचे तुकडे करतां येणें ही रोग्याच्या दृष्टीनें मोठी सोय आहे, एवढें त्यावरून घेतां येईल.

पण खेड्याची ही बाजू पाहून शहरी माणसानें भाळून जाऊं नये. शेतांतील कामाचे धोकेही शेताचेच आहेत, आणि ते औषध चालू असलेल्या माणसाला विशेष बाधतात. ज्या भागांत विहिरीच्या मोटारीला वीज रात्रीच्या पाळीनें मिळते, तेथें शेतकरी मध्यरात्रीं पाणी द्यावयास जातो. सामान्य माणसास यामुळें थकवा येतो, एवढेंच. परंतु ज्यास उन्मादाचे झटके येतात त्यास लागोपाठ कांहीं रात्रींचें जागरण हें नव्या झटक्याला आमंत्रण ठरतें. असल्या रोग्यांना पुष्कळदां लिथियम हें औषध देतात. हळद काढून शिजविण्याचीं कामें उन्हाळ्याच्या तोंडाशीं चालतात. त्या वेळीं वरून ऊन, खालून चुलाण, अंगाला घाम. अशांत पाणी व मीठ कमी पडलें तर रक्तांतील लिथियमचें प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढतें. हात थरथरूं लागतात, उलट्या होतात, तोल जातो. अंगदुखीसाठीं घेतलेल्या कांहीं गोळ्यांनींही हाच परिणाम होतो. ज्यांच्या औषधांनीं सकाळीं गुंगी राहते त्यांनीं मळणीयंत्राजवळ उभें राहणें धोक्याचें आहे. आणि मराठवाड्यांतून जे मजूर ऊसतोडीला पांच सहा महिने परजिल्ह्यांत जातात, त्यांचें औषध बहुधा वाटेंतच तुटतें. यांतील बहुतेक गोष्टींवर उपाय आहे : गोळीची वेळ बदलणें, पाण्याची पाळी भावानें घेणें, महिन्याचें औषध बरोबर बांधून देणें. परंतु त्यासाठीं रोगी काय काम करतो, हें डॉक्टरनें विचारलें पाहिजे व रोग्यानें सांगितलें पाहिजे. कामाचा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीपासून वेगळा काढतां येत नाहीं, तो यामुळें.

दुसरा दोष असा कीं, घरांतील काम करणारा दुखणाईत मनुष्य पुष्कळदां दोन वेळच्या जेवणावर राबणारा गडी होऊन बसतो. त्याच्या रोजाचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. आणि स्त्रियांचा तर प्रश्नच वेगळा. भाकरी थापली जाते आहे तोंवर तिला कांहीं झालें आहे असें कोणी मानीत नाहीं. भाकरी थापणें थांबलें म्हणजे मात्र ती आळशी किंवा बाधलेली ठरते. हें खेड्याइतकेंच शहरांतही खरें आहे. घरकामाला रजा नसते, आणि जेथें रजा नाहीं तेथें दुखण्याला नांव मिळावयास फार उशीर लागतो.

असें नांव वेळेवर मिळावें यासाठीं कांहीं प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो शेतकरी-आत्महत्यांनीं ग्रासलेल्या विदर्भ व मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांसाठीं. हिंगोली त्यांपैकीं एक. आशा कार्यकर्तीनें घरोघर जाऊन साध्या प्रश्नांनीं खचलेलीं माणसें ओळखावीं, आणि गरजेप्रमाणें त्यांस आरोग्य केंद्राकडे व जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावें, अशी ही योजना. अशा उपायांनीं किती फरक पडूं शकतो हें अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत चाललेल्या विश्राम नांवाच्या उपक्रमानें दाखविलें. गांवच्याच माणसांना शिकवून तयार केल्यावर, सुमारें दीड वर्षांत औदासीन्याच्या रोग्यांपैकीं मदत घेणारांचें प्रमाण शेंकडा ४ वरून २७ वर गेलें.

आतां शहराकडे वळूं, कारण माझे बहुतेक श्रोते तेथेंच राहतात. शहरांतील नोकरी ही अखंड वस्तु असते. ती पूर्ण दिवस तरी करावयाची, नाहीं तर सोडावयाची. दहा वाजतां हजर, सहापर्यंत जागेवर, आणि कामाची गति सर्वांना सारखी. ज्या माणसाला सकाळीं औषधाची गुंगी असते, किंवा ज्याचें चित्त दोन तास उत्तम चालून मग विसांवा मागतें, त्याला या अखंडपणाची धार लागते. त्यांत आणखी लपविण्याचा भार. डोकें दुखतें, पोट बिघडलें, अशीं कारणें देऊन रजा काढावयाची, गोळी चोरून घ्यावयाची. कधीं कधीं सहकारी पाहतील म्हणून गोळीच बंद करावयाची. पुष्कळांचें दुखणें उलटतें तें या औषध टाळण्यामुळें, आणि दोष मात्र कामावर येतो.

या अखंडपणावर पाश्चात्त्य देशांत एक उपाय निघाला, तो ऐकण्यासारखा आहे. पूर्वी पद्धत अशी होती कीं, तीव्र मनोविकार झालेल्या माणसास प्रथम संरक्षित कर्मशाळेंत मेणबत्त्या किंवा पाकिटें करावयास शिकवावें, आणि तो तयार झाला म्हणजे नोकरी शोधावी. बहुतेक जण त्या कर्मशाळेंतच राहून जात. अमेरिकेंत १९९० च्या सुमारास ड्रेक व बेकर या संशोधकांनीं क्रम उलटा केला. ज्याची काम करण्याची इच्छा आहे त्यास ताबडतोब, त्याच्या आवडीची, बाजारभावानें पगार देणारी साधी नोकरी शोधून द्यावी. आणि एका मदतनिसानें नोकरी लागल्यावरही त्याची पाठ राखावी. हा मदतनीस डॉक्टरांच्या मंडळींत बसतो व मालकाशींही बोलतो. अनेक देशांत झालेल्या तुलनात्मक प्रयोगांचा गोषवारा असा कीं, या पद्धतीनें निम्म्याहून अधिक रोग्यांना खुल्या बाजारांत नोकरी मिळाली. जुन्या पद्धतीनें सुमारें चौथ्या हिश्श्यालाच मिळाली. नोकरीमुळें दुखणें बळावेल ही जी भीति होती, तीही खरी ठरली नाहीं. साखऱ्याच्या शेतांत जें सहज घडतें, तें शहरांत असें कोणीतरी मुद्दाम घडवून आणावें लागतें.

आपल्या कायद्यानेंही या कामीं कांहीं आधार दिला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मनोविकाराला दिव्यांगत्वांत धरतो. सरकारी नोकरींत असतां कोणास असें दिव्यांगत्व आलें तर त्यास काढून टाकतां येत नाहीं कीं पदावनत करतां येत नाहीं. त्याच वेतनावर दुसरें झेपेल असें काम द्यावें लागतें. सरकारी जागांत शेंकडा ४ राखीव आहेत, त्यांतील १ टक्का ज्या गटांसाठीं आहे त्यांत मनोविकारी व्यक्ति येतात. केंद्रीय राखीव पोलीस दलांतील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें असा निर्णय दिला कीं, ज्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालली आहे त्याच्या अनेक कारणांपैकीं मनोविकार हें एक कारण असलें, तरी त्या माणसास कायद्याचें संरक्षण मिळालें पाहिजे. तथापि दीर्घकालीन दुखणें व प्रमाणपत्र यांवांचून यांतील पुष्कळसे लाभ मिळत नाहींत, आणि लहान दुकानांतल्या नोकराला कायद्यापेक्षां मालकाचा स्वभावच अधिक जवळचा असतो.

मग साहेबांस सांगावें कीं सांगूं नये? हा प्रश्न प्रत्येक रोग्यास रात्रीची झोंप येऊं देत नाहीं. यास एकच उत्तर नाहीं. डॉक्टरनें रोग्याची माहिती, कायद्यांतील मोजके अपवाद सोडतां, त्याच्या संमतीवांचून कोणास देतां कामा नये. तेव्हां सांगण्याचा निर्णय रोग्याचाच. माझी सूचना इतकीच कीं, रोगाचें नांव सांगण्यापूर्वीं काय सोय हवी तें ठरवावें. "सकाळीं एक तास उशिरा येऊन संध्याकाळीं एक तास अधिक बसेन", "रात्रपाळी नको", "सूचना लेखी द्याव्या", "महिन्यांतून एक दिवस डॉक्टरकडे जावें लागतें" अशा मागण्या पुष्कळदां रोगाचें नांव न घेतांही मान्य होतात. ज्यास सांगावयाचें तो एकच भरंवशाचा वरिष्ठ असावा, आणि सांगावयाचें तें प्रकृति बरी असतांना. झटका आला असतां सांगितलेलें समजावणीच्या रूपानें कोणी ऐकत नाहीं.

काम सोडून विश्रांति घ्यावी असेही प्रसंग असतात, हें मान्य केलें पाहिजे. भास तीव्र असतां, जीव देण्याचे विचार मनांत घोळत असतां, किंवा झोंप पूर्णपणें उडाली असतां कामाचा आग्रह धरणें म्हणजे मोडलेल्या पायावर चालावयास लावणें होय. कांहीं कामेंच अपायकारक असतात. जेथें अपमान नित्याचा आहे व पगार अनिश्चित, तेथून माणसास बाहेर काढणें हाच उपचार. पण अशा वेळींही राजीनाम्यापूर्वीं रजा मागावी. औदासीन्यांत माणसाला आपली किंमत शून्य वाटते, आणि त्या भरांत लिहिलेला राजीनामा पुढें बरें वाटल्यावर परत घेतां येत नाहीं.

शेवटीं घरच्या मंडळींविषयीं दोन शब्द. दुखणाईत माणसाची काळजी घेणें हेंही काम आहे, आणि त्यापायीं पुष्कळांची स्वतःची नोकरी डळमळते. कॅनडांत कॅलगरी विद्यापीठांत प्राध्यापक असलेले धुळ्याकडील डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस स्किझोफ्रेनिया होता. आपले अध्यापन सांभाळून त्यांनीं हा भार वाहिला, आणि त्या अनुभवावरून पुण्यास स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. धायरी येथें तिचें पुनर्वसन केंद्र आहे. २००४ सालचा देवराई हा मराठी चित्रपट त्यांच्याच पाठबळानें निघाला, आणि त्यामुळें कितीतरी घरांत या दुखण्याचें नांव प्रथमच मोकळेपणानें उच्चारलें गेलें. २०१७ सालीं ते निवर्तले. त्यांच्यासारखी शक्ति व साधनें प्रत्येकाजवळ नसतात, परंतु एकट्यानें न वाहतां इतर कुटुंबांशीं मिळून भार वांटून घेणें कोणालाही शक्य आहे.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणी कचेरीचे वरिष्ठ असतील, कोणी दुकानदार, कोणी शाळेचे मुख्याध्यापक; निदान घरीं कामाला बाई ठेवणारीं माणसें तर बहुतेक सर्वच. आपल्या हाताखालच्या कोणाचें मन दुखणाईत झालें, तर त्याच्या कामाचे तुकडे करतां येतील काय, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारावा. दोन महिने त्याची पात थोडी ओढून द्यावी, आणि मोबदला मात्र कामाच्या मानानें चोख द्यावा. घरांतील रोग्यास पूर्ण बरें होण्याची वाट पाहावयास लावूं नये. आज त्याच्या हातून अर्धा तास होतो तर अर्ध्या तासाचें काम द्यावें, आणि त्याचा पैसा त्याच्याच हातीं ठेवावा. आणि ज्यास आज हें ऐकतांना आपल्याच मनाची ओळख पटत असेल त्यानें डॉक्टरकडे जाण्यास लाजूं नये. शासनाची टेलि-मानस ही फुकट दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालूं असते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.